कॅन्सर झालेल्या मुलांसाठी साधा तापही इमर्जन्सी का असतो? अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू तिथे काय बिघडवतात?

थर्मामीटरवर १००.४ हा आकडा दिसला की आपल्या घरात साधारण काय होतं? पॅरासिटामॉल दिलं जातं, कपाळावर ओल्या कापडाची घडी ठेवली जाते आणि ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून सगळे झोपतात.

पण ज्या घरातलं मूल कॅन्सरवर उपचार घेतंय, तिथे हाच आकडा दिसला तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. रात्रीचे दोन वाजले असले, तरी मुलाला घेऊन हॉस्पिटल गाठावं लागतं.

समजा, घाटकोपरच्या भटवाडीत राहणारी सात वर्षांची एक मुलगी आहे. तिला ब्लड कॅन्सर आहे आणि परळला उपचार सुरू आहेत. शेवटच्या केमोला दहा दिवस झालेत. रात्री आईच्या हाताला तिचं अंग गरम लागतं. घाटकोपरहून परळ हे लोकलचं सहावं स्टेशन. पण रात्री दोनला लोकल नाही. रिक्षा सायनपर्यंतच जाते, पुढे टॅक्सी शोधायची. त्यात पावसाळा असेल तर हिंदमाताला पाणी तुंबलंय का, हेही बघायचं.

एवढा आटापिटा एका तापासाठी का करायचा? आणि हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर दिलेलं पहिलं इंजेक्शन लागू पडेल की नाही, हे कशावर ठरतं? सोप्या भाषेत समजून घेऊ.

रक्तातला संसर्ग म्हणजे नेमकं काय?

आपल्या अंगावर, तोंडात, आतड्यांत कायम अब्जावधी जंतू असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, काही तर उपयोगीच असतात. अट एकच, त्यांनी आपापल्या जागी राहायचं. हेच जंतू रक्तात शिरले आणि तिथे वाढायला लागले, की त्याला रक्तप्रवाहातला संसर्ग म्हणतात.

निरोगी माणसाच्या रक्तातही अधूनमधून थोडेफार जंतू शिरतात. अगदी दात घासतानाही. पण पांढऱ्या पेशी त्यांचा लगेच फडशा पाडतात, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही.

पांढऱ्या पेशींची ही फौजच जागेवर नसेल, तर जंतूंना रान मोकळं मिळतं. शरीर त्यांच्याशी झुंजताना स्वतःच्याच अवयवांना इजा करायला लागतं, रक्तदाब कोसळतो, किडनी आणि फुप्फुसं साथ सोडतात. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. लहान मुलांमध्ये हा सगळा प्रवास काही तासांत होऊ शकतो.

कॅन्सरच्या मुलांना हा धोका जास्त का?

याची मुख्य कारणं तीन आहेत.

पहिलं कारण पांढऱ्या पेशींचं. केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, पण हाडांमधल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच वाढतात. त्यामुळे केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात. कॅन्सर वॉर्डातले पालक याला ‘काउंट पडले’ म्हणतात. ब्लड कॅन्सरमध्ये तर आजारानेच मगज व्यापलेला असतो, म्हणून उपचारांचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात.

दुसरं कारण आतल्या अस्तराचं. केमोमुळे तोंड येतं, हे अनेकांनी ऐकलेलं असेल. तसंच ते आतड्यांतही होतं. अस्तर सोललं जातं आणि आतड्यांतल्या जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते. म्हणजे जंतू बाहेरून यावाच लागतो असं नाही. मूल त्याला स्वतःच्या पोटात घेऊन फिरत असतं.

तिसरं कारण नळीचं. सारखं सारखं सुई टोचावी लागू नये म्हणून अनेक मुलांना पिक लाईन किंवा केमोपोर्ट बसवतात. ही नळी थेट मोठ्या रक्तवाहिनीत जाते. तिचा फायदा मोठा आहे, पण स्वच्छता चुकली तर जंतूंनाही तोच सरळ रस्ता मिळतो.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

पांढऱ्या पेशी अनेक प्रकारच्या असतात. बॅक्टेरियाशी पहिली टक्कर घेणाऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. त्यांची नेमकी संख्या काढण्याचं गणित सोपं आहे. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणायचं.

उदाहरणार्थ, रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के आहेत. म्हणजे न्यूट्रोफिल झाले २४०. सर्वसाधारणपणे ही संख्या १,५०० च्या वर असते. ५०० च्या खाली गेली की धोका वाढतो आणि १०० च्या खाली तो सर्वात जास्त असतो.

न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि सोबत ताप, या स्थितीला डॉक्टर ‘फेब्राइल न्यूट्रोपेनिया’ म्हणतात. इथे ताप म्हणजे एकदा मोजल्यावर १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, किंवा तासभर टिकलेला १००.४. अनेक हॉस्पिटलं मुलांच्या बाबतीत आणखी सावध राहतात आणि १००.४ दिसताच यायला सांगतात.

इथे एक मेख आहे. पांढऱ्या पेशीच नसल्याने संसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. पू होत नाही, सूज येत नाही, छातीचा एक्स-रेही कधीकधी स्वच्छ असतो. अनेकदा ताप हीच एकमेव खूण असते.

एका तासाचा नियम कुठून आला?

१९६० च्या दशकापर्यंत पद्धत वेगळी होती. ताप आला की रक्त तपासायला पाठवायचं, कोणता जंतू आहे ते कळेपर्यंत थांबायचं आणि मग औषध द्यायचं. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण रिपोर्ट येईपर्यंत अनेक रुग्ण दगावत.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये वेगळी पद्धत मांडली. त्यांनी काउंट पडलेल्या, ताप आलेल्या कॅन्सर रुग्णांना रिपोर्टची वाट न बघता दोन अँटिबायोटिक्स एकत्र सुरू केली. त्यात रुग्ण वाचण्याचं प्रमाण सुधारलं. तेव्हापासून जगभरात हीच रीत पडली. आज हॉस्पिटलच्या दारात पोहोचल्यापासून ६० मिनिटांच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून द्यायचा, असं उद्दिष्ट असतं.

वेळ इतका महत्त्वाचा का, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. ई. कोलाय हा आतड्यांतला जंतू प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. या वेगाने एका जंतूचे सहा तासांत २ लाख ६२ हजार जंतू होतात. शरीरात वेग इतका नसतो, पण ‘सकाळी बघू’ म्हणजे काय, ते यावरून लक्षात येतं.

या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे. पहिला डोस हा अंदाजाने दिलेला असतो. रक्ताचं कल्चर लावलं की जंतू वाढल्याचा इशारा मशीन बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांत देतं. तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे कळायला आणखी एक-दोन दिवस जातात. बहुतेक वेळा तर कल्चरमध्ये काही सापडतच नाही. तोपर्यंत मुलाचा जीव डॉक्टरांच्या अंदाजावर असतो.

५० वर्षांपूर्वी हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. आता तो चुकण्याची शक्यता वाढली आहे. अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा फटका बसतो तो नेमका इथे.

जंतू दाद देणं बंद कसं करतात?

पेनिसिलिन आणि त्याच्या कुटुंबातली औषधं जंतूचं कवच तयार होऊ देत नाहीत. या औषधांच्या रचनेत एक छोटं कडं असतं, त्यावर सगळी मदार असते. काही जंतू हे कडं कापणारी कात्री तयार करतात. शास्त्रीय भाषेत तिला बीटा-लॅक्टमेज म्हणतात.

माणसाने या कात्रीला न जुमानणारी सेफलोस्पोरिन गटातली औषधं काढली. काही वर्षांत जंतूंनी ती कापणारी कात्री मिळवली. मग मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं आली. त्यांना दीर्घकाळ राखीव फौज मानलं जायचं. आज त्यांनाही कापणाऱ्या कात्र्या जंतूंकडे आहेत.

त्यातली सगळ्यात काळजीची बाब म्हणजे हे गुण नुसते आईकडून पिल्लाकडे जात नाहीत. कात्री बनवण्याची कृती डीएनएच्या एका छोट्या गोल तुकड्यावर लिहिलेली असते. हा तुकडा एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डसारखं समजा. मूळ मेसेज कुणी लिहिला ते कुणालाच आठवत नाही, पण सगळ्या ग्रुपवर तो पोहोचलेला असतो.

आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा साधे जंतू मरतात आणि हा ‘फॉरवर्ड’ मिळालेले जंतू उरतात. रिकाम्या झालेल्या जागेत तेच वाढतात.

मुंबईत हे कधी लक्षात आलं?

२००८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या नमुन्यात क्लेबसिएला हा जंतू सापडला. त्याच्याकडे कार्बापेनेम कापणारी एक नवी कात्री होती. हा रुग्ण त्याआधी दिल्लीतल्या हॉस्पिटलमध्ये उपचार घेऊन गेला होता. म्हणून या कात्रीला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एनडीएम-१ असं नाव पडलं. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मधल्या शोधनिबंधानंतर या नावावरून भारतात बराच वाद झाला.

पण त्याच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्येच, मुंबईतल्या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली होती. माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या टीमने असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना कार्बापेनेमला दाद न देणारे २४ नमुने मिळाले. त्यातल्या २२ नमुन्यांत एनडीएम-१ होतं.

हा अभ्यास कॅन्सरच्या मुलांवर नव्हता. पण ज्या औषधांच्या भरवशावर कॅन्सर वॉर्ड चालतात, तीच औषधं शहरात निकामी होऊ लागली आहेत, हे त्यातून कळलं.

कॅन्सर वॉर्डांचं चित्रही वेगळं नव्हतं. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. देशभरातून मुलं तिथे उपचारांसाठी येतात. तिथल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये कॅन्सर रुग्णांच्या रक्तातल्या जंतूंचा अभ्यास मांडला. त्यात ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं पारडं जड होतं.

युरोप-अमेरिकेतल्या कॅन्सर वॉर्डांत गेल्या काही दशकांत त्वचेवरचे आणि तोंडातले ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू जास्त सापडतात. भारतात मात्र आतड्यांत राहणारे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू पुढे आहेत. सेप्सिसकडे झपाट्याने नेणारे आणि कात्र्यांची देवाणघेवाण करणारे जंतू मुख्यतः हेच. त्यामुळे परदेशातली औषधांची यादी जशीच्या तशी इथे चालत नाही.

पहिला डोस चुकला तर काय होतं?

पुन्हा आपल्या भटवाडीच्या मुलीकडे येऊ. समजा ती वेळेत पोहोचली, रक्त कल्चरला गेलं आणि तासाभरात इंजेक्शनही मिळालं. पण तिच्या रक्तातला जंतू त्या औषधाला दाद देणारा नाही. अशा वेळी इंजेक्शन दिल्याची नोंद झाली तरी उपचार सुरूच झालेले नसतात. हे लक्षात येईपर्यंत एक-दोन दिवस गेलेले असतात.

मग कोलिस्टिनसारखं औषध बाहेर काढावं लागतं. ते गेल्या शतकाच्या मध्यातलं औषध. किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून ते पुन्हा वापरात आलं.

अशा संसर्गातून मूल वाचलं, तरी किंमत मोजावी लागते. आयसीयूतले दिवस वाढतात आणि पुढची केमो लांबते. कॅन्सरचे उपचार वेळापत्रकावर चालतात, त्यात खंड पडला तर आजार उलटण्याची भीती असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा ट्रस्टची मदत मिळाली, तरी घरच्यांचा रोजगार बुडतो तो वेगळाच.

मुलांचा कॅन्सर पुष्कळ अंशी बरा होणारा आजार आहे, म्हणून हे जास्त जिव्हारी लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलं आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. या दरीमागे उशिरा निदान, अर्धवट सुटणारे उपचार अशी बरीच कारणं आहेत. उपचारांदरम्यान होणारा जंतुसंसर्ग हे त्यातलं एक मोठं कारण. म्हणजे कॅन्सर आटोक्यात येत असतानाच मूल संसर्गाने जातं.

कॅन्सरचं औषध आणि अँटिबायोटिक, दोन्हींचा धागा एकाच शास्त्रज्ञाशी

आंध्र प्रदेशातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या टीमने बनवलेलं अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सर झालेल्या १६ मुलांना दिलं. १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला होता. मुलांच्या केमोथेरपीची ही सुरुवात. त्याच औषधाचा भाऊबंद असलेलं मेथोट्रेक्सेट आजही ब्लड कॅन्सरच्या उपचारांत वापरलं जातं.

त्याच १९४८ मध्ये त्याच लेडर्लीमधून ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक जगासमोर आलं. टेट्रासायक्लिन गटातलं ते पहिलं औषध.

आज मुंबईच्या उपनगरातच पवईला आयआयटी मुंबईच्या संशोधनातून आणि टाटा मेमोरियलच्या साथीने देशातली पहिली स्वदेशी कार-टी सेल थेरपी उभी राहिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचं लोकार्पण केलं. पण ही थेरपी असो की बोन मॅरो ट्रान्सप्लांट, दोन्हींमध्ये रुग्णाचे काउंट काही काळ पडतातच. त्या दिवसांत त्याला अँटिबायोटिक्सच सांभाळतात. ती निकामी झाली, तर कॅन्सरवरच्या नव्या उपचारांचाही पाया डळमळतो.

मग नवीन अँटिबायोटिक्स नाहीत का?

आहेत, पण थोडी. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम हे त्यातलं एक. काही प्रकारच्या कात्र्यांवर ते चांगलं चालतं, पण एनडीएमवर एकटं चालत नाही. त्यासाठी सोबत अ‍ॅझट्रिओनॅम द्यावं लागतं. भारतात एनडीएमचं प्रमाण मोठं असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातही काम सुरू आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्टचं संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. कंपनीचं झायडेबॅक्टम-सेफेपिम हे मिश्रण दाद न देणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी बनवलेलं आहे आणि ते मोठ्या माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांतून गेलं आहे.

मात्र नव्या औषधांच्या चाचण्या आधी मोठ्यांवर होतात. मुलांसाठीचे डोस आणि सुरक्षिततेची माहिती नंतर येते. त्यामुळे हाताशी असलेली औषधं टिकवणं, हाच सध्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

हॉस्पिटलच्या हातात काय असतं?

सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे हात धुणं. लाईनला हात लावण्याआधी हात स्वच्छ करायचे आणि तिचं टोक स्पिरिटने नीट घासून सुकू द्यायचं. हे दर वेळी पाळलं, तर लाईनमधून होणारा संसर्ग लक्षणीय कमी होतो. पालकांनीही ‘सिस्टर, हात धुतले का?’ असं विचारायला संकोच करू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याच वॉर्डात गेल्या काही महिन्यांत कोणते जंतू सापडले आणि ते कोणत्या औषधांना दाद देतात, याचा तक्ता ठेवणं. पहिल्या डोसचा अंदाज या तक्त्यावरून जास्त अचूक होतो. काही ठिकाणी मुलाच्या शौचाच्या जागेचा स्वॅब घेऊन पोटात दाद न देणारे जंतू आहेत का, हे आधीच बघतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळेवर थांबणं. कल्चरमध्ये काही आलं नाही, ताप उतरला, मूल खेळायला लागलं, तर जोरदार औषधं कमी किंवा बंद करायची. सुरुवात झटपट करायची आणि थांबायचंही वेळेवर, हे दोन्ही जमलं पाहिजे. हे निर्णय अर्थातच डॉक्टरांचे असतात.

उपनगरात राहणाऱ्या पालकांनी काय तयारी ठेवावी?

मुंबईत मुलांच्या कॅन्सरवर उपचार आता फक्त परळलाच होतात असं नाही. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं मुलांच्या रक्तविकारांचं आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं केंद्र आहे. अंधेरीतल्या खासगी हॉस्पिटलांतही सोय आहे. तरीही मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या कितीतरी मुलांची फाईल परळला असते. म्हणून तयारी ताप येण्याआधी करायची.

• पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा: रात्री ताप आला तर थेट इथे यायचं की घराजवळच्या एखाद्या हॉस्पिटलमध्ये पहिला डोस घ्यायचा? कोणत्या? फोन कोणत्या नंबरवर करायचा?

• निदान, शेवटच्या केमोची तारीख, लाईन कोणती आहे, औषधांची अ‍ॅलर्जी आणि ‘ताप आल्यास काय द्यावं’ हे लिहिलेला कागद मागून घ्या. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. अनोळखी कॅज्युअल्टीत हा कागद बराच वेळ वाचवतो.

• घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा. ताप काखेत किंवा तोंडात मोजा, शौचाच्या जागी कधीही नको. एनिमा आणि शौचाच्या जागी ठेवायची औषधंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

• ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने ताप झाकला जातो. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन स्वतःहून देऊ नका, प्लेटलेट्स कमी असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो.

• ताप नसला तरी मूल सुस्तावलं, हातपाय गार पडले, श्वास भरभर सुरू झाला, लघवी कमी झाली किंवा लाईन फ्लश केल्यावर हुडहुडी भरली, तरी लगेच निघा. स्टेरॉइड सुरू असताना ताप येतोच असं नाही.

• पावसाळ्यात शेजारीपाजारी डेंग्यू-मलेरियाची साथ असली, तरी ‘तोच असेल’ असं गृहीत धरू नका. त्या तपासण्या होतील, पण अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यासाठी अडू नये.

• उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या ‘तोवर देऊन बघू’ म्हणून देऊ नका. अर्धवट डोसाने जंतू मरत नाही, पण कल्चरमध्ये तो सापडणं मात्र अवघड होतं.

बाहेरगावहून आलेल्या कुटुंबांना राहण्याची जागा हा मोठा प्रश्न असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्स यांच्यासारख्या ठिकाणी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागामार्फत चौकशी करता येते. स्वच्छ आणि हॉस्पिटलजवळची जागा हाही संसर्ग टाळण्याचा एक भाग आहे.

आणि आपलं काय? आपल्या घरात तर कॅन्सर नाही...

आपण सर्दीला घेतलेल्या गोळीचा या मुलीशी काय संबंध, असं वाटू शकतं.

भारतातल्या खासगी विक्रीच्या २०१९ च्या आकडेवारीचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक खपलेलं अँटिबायोटिक होतं अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. घसा दुखला की अनेक जण मेडिकलमधून नाव सांगून घेतात, तीच. घसादुखी आणि सर्दी बहुतेक वेळा व्हायरसमुळे होते आणि अँटिबायोटिक व्हायरसवर काम करत नाही.

ती गोळी आपल्या आतड्यांत मात्र काम करते. तिथले साधे जंतू मारते आणि दाद न देणाऱ्यांना जागा करून देते. तेच जंतू आपल्या हातावरून, सांडपाण्यातून, लोकलच्या दांड्यावरून, हॉस्पिटलमध्ये भेटायला गेल्यावर पलंगाच्या कठड्यावरून पुढे जातात. दाटीवाटीच्या शहरात ते कुणाच्या पोटात जाऊन बसतील, हे सांगता येत नाही. ज्याचे काउंट चांगले आहेत त्याला काही होत नाही. ज्याचे पडलेत त्याला होतं.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक्स प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत आणि केमिस्टला त्यांची नोंद वहीत ठेवून ती वही तीन वर्षं जपावी लागते. गोळ्यांच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थही तोच आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घ्यायचं नाही. तरी काउंटरवर काय चालतं, ते आपण सगळेच बघतो.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांमुळे झाले, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे. हा आकडा मोठा असल्यामुळे दूरचा वाटतो. जवळून बघायचा तर रात्री दोन वाजता सायनला रिक्षातून उतरून टॅक्सी शोधणाऱ्या त्या आईकडे बघा. वेळेत पोहोचणं तिच्या हातात आहे आणि ती ते करतेय. पोहोचल्यावर दिलेलं औषध चालावं, यात मात्र डॉक्टर, केमिस्ट आणि आपल्यासारखे गोळी मागणारे, सगळ्यांचा वाटा आहे.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर एक प्रश्न विचारा: ‘हे बॅक्टेरियामुळे झालंय का?’ गरज असेल तर सांगितलेल्या डोसात, सांगितलेले दिवस घ्या. गरज नसेल तर डॉक्टरांकडे आग्रह धरू नका.

(ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. उपचारांचे निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)